चीफ कॉन्स्टेबल लॉर्ड झाला आणि कायद्यातला एक शब्द गेला

आपल्याकडे कॉन्स्टेबल म्हणजे पोलीस दलाची पहिली पायरी. बंदोबस्ताला सगळ्यात आधी पोचणारा आणि घरी सगळ्यात शेवटी जाणारा माणूस. त्यामुळे ब्रिटनच्या बातमीत ‘चीफ कॉन्स्टेबल’ हा शब्द आला की गफलत होते, हा हवालदारांचा कुणी मुकादम असावा असं वाटतं. प्रत्यक्षात तो अख्ख्या पोलीस दलाचा प्रमुख असतो. इंग्लंड आणि वेल्स मिळून ४३ प्रादेशिक पोलीस दलं आहेत. लंडनमधल्या दोन दलांचे प्रमुख कमिशनर म्हणवले जातात, बाकी सगळीकडे चीफ कॉन्स्टेबल.

हे नाव नुसतं जुन्या सवयीने टिकलेलं नाही. तिथल्या कायद्याच्या नजरेत गस्त घालणारा पोरगा आणि दलाचा प्रमुख दोघंही ‘कॉन्स्टेबल’च असतात, अटक करण्याचा दोघांचा मूळ अधिकार एकच. आणि ह्या लेखात ज्यांची गोष्ट आहे त्यांच्या काळात वर जाण्याची वाटही एकच होती, खालून. आपल्यासारखी परीक्षा देऊन पंचविशीत थेट जिल्ह्याचा अधिकारी होण्याची सोय नव्हती. जो कुणी प्रमुख झाला त्याने कधीकाळी रात्रपाळीत बंद दुकानांची कुलुपं ओढून पाहिलेली असणार, हे जवळपास गृहीत होतं.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. ब्रिटनचा गृहमंत्री चीफ कॉन्स्टेबलला फोन करून ‘अमक्याला उचला’ किंवा ‘तमक्याला सोडा’ असा हुकूम देऊ शकत नाही. पैसा, धोरण, नेमणूक ह्यांत सरकारचा हात असतो. पण कुणावर कारवाई करायची हे ठरवताना पोलीसप्रमुख फक्त कायद्याला बांधील, असं तिथल्या न्यायालयाने १९६८ साली स्वच्छ सांगून ठेवलं आहे. व्यवहारात दबाव येत नाही असं कुणी म्हणत नाही. पण हुकूम आणि दबाव ह्यांत अंतर आहे, आणि त्या अंतरावर ब्रिटिश पोलीसप्रमुखांचा स्वभाव घडलेला असतो. त्यांना स्वतःचं मत असतं, ते बोलून दाखवायची सवयही असते.

अशाच एका चीफ कॉन्स्टेबलची ही गोष्ट आहे. जेफ्री डिअर. (आडनावच डिअर, पत्राच्या मायन्यातलं नव्हे.) पोलिसांत चाळीसहून अधिक वर्षं काढून हा माणूस संसदेत गेला आणि तिथे त्याने सर्वांत गाजलेली कामं केली ती पोलिसांच्या हातातले अधिकार आखडणारी. ते का, हे समजून घ्यायचं तर आधी त्यांची नोकरी पाहावी लागते.

डिअर ह्यांचा जन्म १९३७चा. १९५६ साली ते पीटरबरो ह्या छोट्या शहराच्या पोलीस दलात भरती झाले. नोकरीत असतानाच लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून त्यांनी कायद्याची पदवी घेतली. सत्तरच्या दशकात नॉटिंगहॅमशायरमध्ये असिस्टंट चीफ कॉन्स्टेबल, मग १९८०पासून लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांत वरच्या हुद्द्यांवर. इथवर ही कुठल्याही कर्तबगार अधिकाऱ्याची नोंदवही वाटावी. १९८५ साली ते वेस्ट मिडलंड्स पोलिसांचे प्रमुख झाले आणि तिथून चित्र बदललं.

वेस्ट मिडलंड्स म्हणजे बर्मिंगहॅम आणि आजूबाजूचा कारखान्यांचा पट्टा. ऐंशीच्या दशकात तिथले कारखाने धडाधड बंद होत होते. गिरणी संपानंतरचं लालबाग-परळ ज्यांनी पाहिलं आहे त्यांना त्या पट्ट्याची कळा वेगळी समजावून सांगायला नको. त्यात भर म्हणजे वस्त्या मिश्र, कॅरिबियन बेटांवरून आलेले, पंजाबातून आलेले, गोरे कामगार, सगळे बेकार. हँड्सवर्थ हा भाग त्याचं टोक होता. सप्टेंबर १९८५मध्ये गाडी उभी करण्यावरून झालेल्या एका किरकोळ कारवाईतून तिथे दंगल पेटली. लोझेल्स रोडवरचं पोस्ट ऑफिस जाळलं गेलं आणि ते चालवणारे दोघे आशियाई भाऊ आत सापडून मेले. त्याच्या काही आठवडे आधी, ऑगस्टमध्ये, बर्मिंगहॅमच्या एका घरावर पोलिसांनी धाड घातली होती. झडती घेताना एका पोलिसाच्या बंदुकीतून गोळी सुटली आणि अंथरुणात असलेला पाच वर्षांचा मुलगा ठार झाला. त्या पोलिसावर खटला चालला, तो निर्दोष सुटला. मात्र त्यानंतर बर्मिंगहॅममध्ये बंदूक कुणाच्या हाती द्यायची हे नव्याने ठरलं. साध्या तपास अधिकाऱ्यांकडून ती काढून खास तयारीच्या पथकाकडे गेली.

पण डिअर ह्यांचं नाव ज्या गोष्टीशी कायमचं जोडलं गेलं ती ह्याहून वेगळी. त्यांच्या दलात ‘सिरियस क्राइम स्क्वॉड’ नावाचं एक पथक होतं. १९७४पासून चालत आलेलं, दरोडेखोर पकडण्यात पटाईत, पेपरांत कौतुक होणारं. अशा पथकाचं गुपित काय असतं ते आपल्याकडच्या वाचकाला ओळखायला फार वेळ लागणार नाही. आरोपी आत गेला की कबुलीजबाब तयार होऊन बाहेर यायचा. काहींनी डोक्यावर प्लास्टिकची पिशवी ओढून गुदमरवल्याच्या तक्रारी केल्या. बऱ्याच जणांचं म्हणणं साधं होतं: मी हे बोललोच नाही.

हे सिद्ध कसं करायचं? खोलीत दोघंच, एक पोलीस आणि एक आरोपी, आणि न्यायाधीश नेहमी पोलिसावर विश्वास ठेवणार. इथे एक यंत्र मदतीला आलं. वहीच्या वरच्या पानावर आपण दाबून लिहिलं की खालच्या कोऱ्या पानावर वळ उठतात. पेन्सिलीने ते पान हलकंसं रंगवून अक्षरं उमटवण्याचा खेळ सगळ्यांनी लहानपणी केला असेल. ‘एस्डा’ ही चाचणी तेच स्थिर विजेच्या मदतीने करते, डोळ्यांना न दिसणारे वळही त्यात काळ्या अक्षरांत उठून येतात. जबाबाची पानं एकामागून एक लिहिली असतील तर प्रत्येक पानावर आधीच्या पानाचे वळ क्रमाने सापडले पाहिजेत. १९८७ साली ह्या पथकाच्या एका खटल्यात ते जुळले नाहीत. आरोपीला गोत्यात आणणारा मजकूर मागाहून घुसडला होता. खटला कोसळला. मग दुसरा कोसळला, तिसरा कोसळला. कुठे कागदच गहाळ झालेले निघाले.

ऑगस्ट १९८९मध्ये डिअर ह्यांनी ते पथक बरखास्त केलं. अधिकाऱ्यांना तपासावरून हलवलं आणि चौकशी बाहेरच्या, म्हणजे वेस्ट यॉर्कशायरच्या पोलिसांकडे सोपवली गेली. आपल्याच दलाचं नावाजलेलं पथक मोडणं ही त्या वेळी धक्का देणारी गोष्ट होती. पण हाराची घाई नको. ते १९८५पासून प्रमुख होते, तक्रारी त्याच्याही आधीपासून येत होत्या, आणि पथक मोडायला चार वर्षं लागली. कोर्टात अब्रू जायला लागल्यावर पाऊल उचललं गेलं, असं म्हणणारे तेव्हाही होते आणि त्यांचं म्हणणं खोडून काढणं सोपं नाही. शेवटही समाधानाचा नाही. त्या पथकाच्या तपासावर उभ्या असलेल्या कितीतरी शिक्षा अपिलात रद्द झाल्या, पण पथकातल्या एकाही अधिकाऱ्यावर खटला उभा राहिला नाही.

त्याच दलाच्या माथी आणखी जुनं पाप होतं. नोव्हेंबर १९७४मध्ये बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये बॉम्ब फुटले, २१ माणसं मेली. सहा आयरिश माणसांना जन्मठेप झाली. सोळा वर्षांनी, मार्च १९९१मध्ये, अपील कोर्टाने सहाही जणांना सोडलं. पोलिसांचा पुरावा टिकण्यासारखा नाही असं ठरलं, आणि ते ठरवण्यात ‘एस्डा’चाही हात होता. तोवर डिअर बर्मिंगहॅम सोडून गेले होते. १९९० ते १९९७ ते पोलीस दलांची तपासणी करणाऱ्या निरीक्षकांपैकी एक होते. दुसऱ्यांच्या दलात जायचं, कागद मागवायचे, काय चुकतंय ते लिहायचं. सात वर्षं हे काम करणाऱ्याला पोलीस खात्यातली कुठली फट कुठे असते हे पाठ होत असणार.

आता संसदेकडे येऊ. ब्रिटनमध्ये नोकरीत असलेला पोलीस खासदार होऊ शकत नाही, कायद्याने बंदी आहे. निवृत्तीनंतर निवडणूक लढवायला हरकत नाही, पण पोलीसप्रमुख सहसा त्या वाटेला जात नाहीत. त्यांची वाट वरच्या सभागृहातून जाते. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये कुणीच निवडून येत नाही. पूर्वी बापाची गादी मुलाला मिळायची. १९५८च्या कायद्याने तहहयात लॉर्ड नेमायची रीत पडली आणि १९९९ साली बहुतेक वंशपरंपरागत सरदारांना घरी पाठवण्यात आलं. तेव्हापासून ह्या सभागृहात मुख्यतः नेमलेले लोक असतात: माजी मंत्री, डॉक्टर, न्यायाधीश, प्राध्यापक, सेनापती आणि हो, पोलीसप्रमुख. मेट्रोपॉलिटन पोलिसांचे कमिशनर निवृत्त झाले की बहुधा काही वर्षांत लॉर्ड होतात. पीटर इम्बर्ट, पॉल कॉन्डन, जॉन स्टीव्हन्स, इयन ब्लेअर, बर्नार्ड होगन-हाऊ अशी ती ओळ आहे.

ह्यातले बरेच जण कुठल्याच पक्षात बसत नाहीत. त्यांना ‘क्रॉसबेंचर’ म्हणतात. सत्ताधारी आणि विरोधक समोरासमोर बसतात, हे मधल्या आडव्या बाकांवर. त्यांना पक्षादेश नसतो. मंत्रिपदाची आशा नाही, निवडणुकीची भीती नाही. आपल्या राज्यसभेत राष्ट्रपती बारा जणांना नेमतात तसंच काहीसं, फक्त इथे बारा आणि तिथे शेकड्यांनी. आपल्याकडचा पोलीसप्रमुख राजकारणात येतो तेव्हा चित्र वेगळं असतं. मुंबईचे पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह ह्यांनी २०१४च्या सुरुवातीला राजीनामा दिला, भाजपमध्ये गेले आणि त्याच उन्हाळ्यात उत्तर प्रदेशातल्या बागपतमधून लोकसभेवर निवडून आले. त्यांना मतं मागावी लागली, पक्षाची शिस्त पाळावी लागली. ब्रिटनच्या क्रॉसबेंचरला दोन्ही नाही. म्हणून तो बिनधास्त बोलू शकतो, आणि म्हणूनच त्याला कुणी जाबही विचारू शकत नाही. ही दुसरी बाजू पुढे येईलच.

डिअर २००६ साली लॉर्ड झाले. दोन वर्षांत त्यांची पहिली मोठी लढाई आली, ती बेचाळीस दिवसांची.

ही लढाई समजायला थोडा तपशील लागतो. ब्रिटनमध्ये साध्या गुन्ह्यात पोलीस एखाद्याला आरोप न ठेवता २४ तास ठेवू शकतात. गंभीर गुन्हा असेल तर मॅजिस्ट्रेटच्या परवानगीने फार तर ९६ तास. तेवढ्यात आरोप ठेवा नाहीतर सोडा. आपल्याकडे उलट आहे, आधी अटक, मग साठ किंवा नव्वद दिवसांत आरोपपत्र, यूएपीए ह्या दहशतवादविरोधी कायद्याखाली तर १८० दिवसांपर्यंत. त्यामुळे ‘४२ दिवसांवरून एवढा गहजब?’ असं आपल्याला वाटू शकतं. पण तिथे आरोप ठेवण्याआधीची कोठडी म्हणजे माणसाला आपण कशासाठी आत आहोत हे पक्कं न सांगता आत ठेवणं. ते जितकं लांबेल तितकं लोकांना खुपतं.

दहशतवादाच्या गुन्ह्यांत ही मुदत वाढत गेली होती. २०००च्या कायद्यात सात दिवस, मग चौदा. जुलै २००५मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये बॉम्ब फुटले, ५२ माणसं मेली. त्यानंतर पोलिसांनीच ९० दिवस मागितले. पंतप्रधान टोनी ब्लेअर ह्यांनी ती मागणी उचलून धरली आणि नोव्हेंबर २००५मध्ये ते कॉमन्समध्ये, म्हणजे निवडून आलेल्या खालच्या सभागृहात, ३२२ विरुद्ध २९१ मतांनी हरले. तडजोड २८ दिवसांवर झाली. मग गॉर्डन ब्राउन आले आणि म्हणाले, ४२. जून २००८मध्ये कॉमन्सने ३१५ विरुद्ध ३०६ असं नऊ मतांच्या फरकाने ते मान्य केलं.

लॉर्ड्समध्ये ४२ दिवसांचं कलमच काढून टाका असं सांगायला डिअर उभे राहिले. एखादा मानवी हक्कांचा वकील उभा राहिला असता तर सरकारचं उत्तर तयार होतं: तुम्हाला बॉम्ब शोधायचा अनुभव काय? समोर माजी चीफ कॉन्स्टेबल असल्यावर ते उत्तर घशातच अडकतं. सरकार दहशतवादाविरुद्ध कठोर असल्याचा देखावा करत आहे, ह्या अधिकाराची गरज नाही आणि त्याने उलटच परिणाम होईल, असा त्यांचा रोख होता. ब्रिटनला हे अनुभवाने ठाऊकही होतं. १९७१ साली उत्तर आयर्लंडमध्ये खटल्याविना लोकांना डांबलं तेव्हा आयआरए ह्या सशस्त्र संघटनेला भरतीसाठी वेगळा प्रचार करावा लागला नव्हता.

१३ ऑक्टोबर २००८. मतं पडली ३०९ विरुद्ध ११८. सरकारने त्याच संध्याकाळी ते कलम सोडून दिलं. पुढे २०११ साली २८ दिवसांची मुदतही चौदावर आली.

लॉर्ड्सचा निकाल अंतिम नसतो, हे इथे सांगून ठेवतो. कॉमन्स तो फिरवू शकतं, बिल दोन सभागृहांत चेंडूसारखं मागेपुढे जातं, आणि सरकार हट्टाला पेटलं तर १९११ आणि १९४९च्या कायद्यांच्या जोरावर वर्षभरात लॉर्ड्सना डावलून कायदा करता येतो. मग लॉर्ड्सच्या मताला किंमत काय? किंमत वेळेची आणि अब्रूची. एवढ्या मोठ्या फरकाने, तेही पोलीसप्रमुखाच्या तोंडून ‘नको’ ऐकल्यावर नऊ मतांच्या बहुमतावर तोच अधिकार पुन्हा मागायला सरकारला तोंड राहत नाही.

आता शीर्षकातला शब्द.

१९८६च्या पब्लिक ऑर्डर कायद्याचं पाचवं कलम असं होतं: कुणी ‘धमकीचे, शिवीगाळीचे किंवा अपमानास्पद’ शब्द वापरले वा तसं वागलं, आणि ते ऐकू-दिसू शकेल अशा ठिकाणी त्याने त्रास, भीती किंवा क्लेश होण्याजोगा कुणी असला, की गुन्हा झाला. प्रत्यक्षात कुणाला क्लेश झालाच पाहिजे असं नाही, कुणी तक्रार केली पाहिजे असंही नाही. होण्याजोगा होता एवढं पुरे, आणि तो होता की नाही हे जागेवर ठरवणार कोण? गस्तीवरचा पोलीस.

‘अपमानास्पद’ हा शब्द इंग्रजांच्या कायद्यात फार जुना. १८३९च्या लंडन पोलीस कायद्यात तो होता, १९३६ साली मोस्ले ह्या ब्रिटिश पुढाऱ्याच्या फॅसिस्ट मोर्चांना आवर घालायला केलेल्या कायद्यातही होता. पण तिथे अट होती, त्या शब्दांनी शांततेचा भंग होण्याचा संभव हवा, म्हणजे मारामारीपर्यंत मजल जावी. १९८६ साली ही अट पाचव्या कलमापुरती सैल झाली, मारामारीऐवजी ‘क्लेश’ पुरेसा झाला. अपमान म्हणजे काय, ह्याची व्याख्याही कुणी केली नव्हती. १९७१ साली विम्बल्डनला सामना चालू असताना एक वर्णद्वेषविरोधी कार्यकर्ता कोर्टवर जाऊन बसला. त्याने प्रेक्षकांचा अपमान केला का, हा प्रश्न थेट सर्वोच्च पातळीवर गेला. न्यायाधीश म्हणाले, हा साधा रोजच्या वापरातला शब्द आहे, त्याची कायदेशीर व्याख्या करायची गरज नाही. तो माणूस सुटला. पण शब्द तसाच मोकळा राहिला, प्रत्येकाने आपापल्या समजुतीने घ्यावा असा.

मोकळा शब्द पोलिसाच्या खिशात गेला की काय होतं ते पाहा. २००५ साली ऑक्सफर्डमध्ये परीक्षा संपल्याच्या आनंदात एका विद्यार्थ्याने घोड्यावरच्या पोलिसाला विचारलं, तुमचा घोडा समलिंगी आहे हे तुम्हाला माहीत आहे का? त्याला अटक झाली, ८० पौंड दंड सांगितला. त्याने भरला नाही, पुढे प्रकरण सोडून देण्यात आलं. न्यूकॅसलजवळ एक पोरगा दोन लॅब्रॅडॉर कुत्र्यांकडे बघून भुंकला. त्याला दंड झाला, तो वरच्या कोर्टात रद्द झाला. २००८मध्ये लंडनला एका अल्पवयीन मुलाच्या हातात सायंटॉलॉजी हा धर्म नसून घातक पंथ आहे असा फलक होता, त्याला समन्स मिळालं. तेही पुढे बारगळलं.

जवळपास सगळीच प्रकरणं बारगळली, मग अडचण काय? अडचण तीच. शिक्षा झाली नाही, पण अटक झाली, रात्र गेली, बोटांचे ठसे दिले गेले. दहातले नऊ लोक ८० पौंड भरून विषय मिटवतात आणि पुढच्या वेळी फलक घरी ठेवतात. मला विचाराल तर कायद्यातल्या ढिल्या शब्दाचं खरं काम कोर्टात होतच नाही, ते रस्त्यावर होतं. हे वकिलापेक्षा पोलिसाला जास्त नेमकं कळतं.

२०१२ साली हा शब्द काढण्याची मोहीम उभी राहिली तेव्हा तिच्यात कधी एका मांडवाखाली न येणारी माणसं आली. एक कडवी ख्रिस्ती संस्था, धर्माला सार्वजनिक जीवनातून बाहेर ठेवू पाहणारी निधर्मी संस्था, समलिंगी हक्कांसाठी आयुष्यभर लढलेले पीटर टॅचेल आणि मिस्टर बीन म्हणून आपल्याला ठाऊक असलेले रोवन अ‍ॅटकिन्सन. रस्त्यावर बायबल वाचणाऱ्याला भीती होती आपल्याला उचलतील, त्याच्यावर टीका करणाऱ्यालाही तीच भीती होती. लॉर्ड्समध्ये दुरुस्ती मांडली डिअर ह्यांनी. मागणी तीन शब्दांतला एकच काढण्याची: धमकी राहू द्या, शिवीगाळ राहू द्या, ‘अपमानास्पद’ काढा. सरकारी वकिलांच्या खात्याचे प्रमुख तेव्हा कीर स्टार्मर होते, हो, पुढे पंतप्रधान झाले तेच. शब्द काढला तरी खटल्यांचं काही अडणार नाही, असं त्यांनी कळवलं होतं.

१२ डिसेंबर २०१२ रोजी १५० विरुद्ध ५४ मतांनी दुरुस्ती मंजूर झाली. आठशेच्या आसपास सदस्यांच्या सभागृहात फक्त २०४ जण मतदानाला हजर होते, हेही नोंदवायला हवं. महिनाभराने गृहमंत्री थेरेसा मे ह्यांनी सरकार विरोध करणार नाही असं जाहीर केलं आणि फेब्रुवारी २०१४पासून तो शब्द पाचव्या कलमातून गेला.

ह्याच सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं? नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे ह्यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने त्यावर फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ होतं, ज्यात ‘वैताग’, ‘गैरसोय’, ‘अपमान’ असे शब्द ओळीने मांडले होते. गुन्हा पुढे मागे घेतला गेला. मात्र त्या प्रकरणातून श्रेया सिंघल खटला उभा राहिला आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अख्खं ६६-अ घटनाबाह्य ठरवलं. कारण हेच, शब्द इतके मोघम की कुणालाही त्यात बसवता यावं. तिथे जे काम माजी पोलिसाने संसदेत केलं ते इथे न्यायालयाला करावं लागलं. आपल्या संसदेत ह्या शब्दांवर बोट ठेवून उभा राहील असा निवृत्त पोलीस महासंचालक मला तरी आठवत नाही.

‘वैताग’ हा शब्द डिअर ह्यांच्याही वाट्याला आला, वर्षभरातच. सरकारने जुन्या समाजविघातक वर्तनाच्या आदेशांऐवजी नवा मनाईहुकूम आणायचं ठरवलं. ज्याच्या वागण्याने कुणाला ‘उपद्रव किंवा वैताग’ होऊ शकतो त्याच्यावर तो बजावता येणार होता, दहा वर्षांच्या पोरापासून पुढे कुणावरही. पुरावा फौजदारी खटल्यासारखा पक्का लागणार नव्हता, दिवाणी दाव्यातला ‘असं झालं असण्याची शक्यता जास्त’ इतका पुरे. आणि मोठ्या माणसाने हुकूम मोडला तर दोन वर्षांपर्यंत तुरुंग. वैताग कुणाचा येत नाही? चर्चच्या घंटा वाजवणारे, नाताळची गाणी म्हणत फिरणारी पोरं, रस्त्यावर वाजवणारे कलाकार ह्यांची उदाहरणं त्या वेळी सर्रास दिली गेली. आपल्याकडे हा निकष लावला तर गणपतीच्या मिरवणुकीतलं आख्खं ढोलपथक पहिल्याच चौकात गारद होईल, आणि ते व्हावं असं म्हणणारेही आपल्यात कमी नाहीत. ८ जानेवारी २०१४ला डिअर ह्यांची दुरुस्ती ३०६ विरुद्ध १७८ मतांनी जिंकली. शेवटी तडजोड झाली: घर आणि शेजाराच्या भांडणांत ‘वैताग’ चालेल, बाहेर मात्र ‘त्रास, भीती किंवा क्लेश’ दाखवावा लागेल.

इतकं वाचून डिअर म्हणजे उदारमतवाद्यांचे लाडके असं चित्र होत असेल तर ते अर्धवट आहे. जून २०१३मध्ये समलिंगी विवाहाचं बिल कॉमन्समधून मोठ्या बहुमताने मंजूर होऊन लॉर्ड्समध्ये आलं. त्यावर पुढे चर्चाच नको, इथेच थांबवा, असा प्रस्ताव मांडला तो डिअर ह्यांनीच. ३९० विरुद्ध १४८ असा त्यांचा सपशेल पराभव झाला. निवडून न आलेल्या माणसाने निवडून आलेल्यांचं बिल दारातच अडवावं का, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला, आणि तो रास्तच होता. जे स्वातंत्र्य ४२ दिवसांच्या वेळी कौतुकाचं वाटलं तेच इथे खटकतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणखी एक माजी पोलीस लॉर्ड झाले, ब्रायन पॅडिक, लंडनच्या पोलिसांतले उघडपणे समलिंगी असलेले पहिल्या फळीतले अधिकारी. ते क्रॉसबेंचर म्हणून न येता लिबरल डेमोक्रॅट पक्षाकडून आले. लंडनच्या लॅम्बेथ भागाचे प्रमुख असताना त्यांनी थोडा गांजा बाळगणाऱ्याला अटक न करता ताकीद देऊन सोडायचा प्रयोग केला होता. पोलिसांच्या बाकांवरून एकच सूर निघतो असं समजणाऱ्याने ही दोन नावं शेजारी ठेवून पाहावीत.

एक शब्द काढला तरी तो सगळीकडून गेला असं नाही. त्याच १९८६च्या कायद्याच्या चौथ्या कलमात, आणि जाणूनबुजून दिलेल्या त्रासासाठी त्याला मागाहून जोडलेल्या ४-अ मध्ये, ‘अपमानास्पद’ अजून आहे. १८३९च्या लंडन पोलीस कायद्यातली ती तीन शब्दांची माळ समुद्र ओलांडून आपल्याकडेही आली आहे. मुंबई पोलीस कायदा १९५१, आताचा महाराष्ट्र पोलीस कायदा, कलम ११२: रस्त्यात किंवा सार्वजनिक जागी शांतताभंग व्हावा अशा रीतीने धमकीचे, शिवीगाळीचे किंवा अपमानास्पद शब्द वापरू नयेत. शिक्षा ११७ खाली. रात्री चौकात आवाज चढला आणि गाडी आली, की ठाण्याच्या डायरीत ‘११२/११७ प्रमाणे कारवाई’ अशी जी नोंद पडते ती ह्याच कलमाची.